धनुर्वाताची सुई पालिकेत, डांग्या खोकल्याची बाहेर: मुंबईतल्या गरोदरपणातल्या लसीकरण सेवेचा आढावा

"टीटी घेतली का?" हा प्रश्न मुंबईत गरोदर बाईला सासूपासून सोनोग्राफीच्या काउंटरपर्यंत सगळे विचारतात. खरं तर सरकारी लसीकरणात टीटीची (नुसत्या धनुर्वाताच्या लसीची) जागा 2019 पासून टीडीने घ्यायला सुरुवात केली. धनुर्वाताच्या जोडीला त्यात घटसर्पाचा छोटा डोस असतो. कागदावर अजून कुणी सवयीने टीटी लिहितं, पण सुईत टीडीच असते. मात्र टीडी म्हणजे गरोदरपणातलं सगळं लसीकरण नव्हे. टीडी फुकट आणि चोख मिळते, बाकीच्या लसींबद्दल कुणी बोलत नाही, आणि जिथे त्या मिळतात तिथे नोंद आणि थंडावा (लस थंड ठेवणं) या दोन्हींत ढिलाई होऊ शकते.

इथे तीन वाटा तपासल्या आहेत: पालिकेचं आरोग्य केंद्र किंवा प्रसूतिगृह, खासगी स्त्रीरोगतज्ज्ञाचं क्लिनिक, आणि "केमिस्टकडून आणा, मी टोचते" ही तिसरी वाट.

पालिकेचं आरोग्य केंद्र

टीडीसाठी पाचपैकी साडेचार. अर्धा मार्क रांगेने खाल्ला.

नाव नोंदवलं की केसपेपर आणि माता-बाल संरक्षण कार्ड मिळतं आणि पहिला टीडी तिथेच. दुसरा किमान चार आठवड्यांनी. आधीच्या गरोदरपणात दोन डोस झाले असतील आणि त्याला तीन वर्षं झाली नसतील, तर एकच बूस्टर पुरतो. म्हणून दुसरेपणाला जुनं कार्ड सोबत न्या, नाहीतर पुन्हा दोन सुया. दोन्ही डोस 36 आठवड्यांच्या आत व्हावेत अशी अपेक्षा आहे, पण उशीर झाला म्हणून कुणी परत पाठवू नये. एकही डोस न घेतलेली बाई कळा सुरू झाल्यावर आली तरी तिला टीडी द्यायची, असा नियम आहे.

केईएम, सायन किंवा नायरमध्ये बाळंतपणाचं नाव असेल तर सुईही तिथेच घ्या, ठीक. पण नुसत्या टीडीसाठी मोठ्या रुग्णालयाच्या ओपीडीत सकाळ घालवण्यात अर्थ नाही. घराजवळच्या आरोग्य केंद्रात तीच कुपी, तीच सुई असते. दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी ठिकाणी गरोदर बायकांची डॉक्टरांकडून खास तपासणी असते. त्या दिवशी तपासणी जरूर करून घ्या, पण फक्त सुई घ्यायची असेल तर ती तारीख टाळलेली बरी.

टेबलावर काय बघायचं? टीडीची कुपी काचेची, पाच मिलीची, म्हणजे दहा डोसांची. लेबलवर एक गोल आणि त्याच्या आत चौकोन असतो. चौकोन गोलापेक्षा फिका असेपर्यंत लस चांगली. दोन्हींचा रंग सारखा झाला किंवा चौकोन जास्त गडद दिसला, तर त्या कुपीला कुठेतरी उष्णता लागली आहे. उघडलेल्या कुपीवर पेनाने तारीख आणि वेळ लिहिलेली हवी. सिरिंज नव्या वेष्टनातून निघायला हवी. ही अर्ध्या मिलीची, एकदा दट्ट्या पूर्ण दाबला की पुन्हा मागे न येणारी सिरिंज असते, त्यामुळे सुई दुसऱ्यांदा वापरली असेल ही भीती इथे काढून टाका. सुई दंडाच्या वरच्या भागात, स्नायूत देतात. कुणी कमरेखाली द्यायला लागलं तर थांबवा.

आता एक वाक्य जे काही ठिकाणी ऐकू येऊ शकतं: "दहा जणी जमल्या की कुपी फोडू." गोवर-रुबेलाच्या लसीबाबत या म्हणण्यामागे कारण आहे, कारण ती एकदा विरघळवली की चार तासांत संपवावी लागते. टीडीला हे लागूच नाही. नीट थंडाव्यात ठेवलेली, मुदतीतली, झाकण स्वच्छ असलेली उघडी कुपी 28 दिवस वापरता येते. एकटी बाई आली तरी कुपी उघडायला हरकत नाही. सिस्टरशी वाद घालू नका, एवढंच विचारा: "ताई, टीडीला उघड्या कुपीचा नियम लागू आहे ना?"

कुपी हाताळताना इतका काटेकोरपणा का, याचं उत्तर मुंबईच्याच इतिहासात आहे. जीवाणूशास्त्रज्ञ वाल्डेमार हाफकिन यांनी मुंबईत तयार केलेल्या प्लेगच्या लसीची एक बाटली 30 ऑक्टोबर 1902 रोजी पंजाबातल्या मुलकोवाल गावी उघडली गेली. त्या दिवशी टोचलेल्या 107 जणांपैकी 19 जण धनुर्वाताने गेले, आणि सगळे त्या एकाच बाटलीतले. बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक केला नव्हता, असं पुढे समोर आलं. हाफकिन यांच्यावरचा ठपका पुसायला 1907 उजाडलं. दोष लसीत नव्हता, हाताळणीत होता, आणि मारलं धनुर्वाताने.

पालिकेची उणी बाजू बोलण्यात आहे. सुई दिल्यावर चार गोष्टी सांगायच्या असतात: कोणती लस दिली, पुढची कधी, त्रास झाला तर काय करायचं, कार्ड जपून ठेवा. गर्दीत बहुतेकदा पुढची तारीख तेवढी सांगितली जाते. अर्धा तास तिथेच बसायचं असतं, तेही आपणच लक्षात ठेवून बसावं. आणि डांग्या खोकला किंवा फ्लूबद्दल शब्द निघत नाही, कारण त्या लसी टीडीसारख्या नेहमीच्या सरकारी यादीत नाहीत.

टीडीचं गणित सोपं आहे, टीडॅपचं जरा बघावं लागतं

टीडीत तोलायला फार काही नाही. नाळ कापल्याच्या जखमेतून होणारा नवजात बाळाचा धनुर्वात उपचार न मिळाल्यास जवळजवळ हमखास जीवघेणा. भारताने 2015 मध्ये आई आणि नवजात बाळाच्या धनुर्वाताचं निर्मूलन साधलं, म्हणजे प्रत्येक जिल्ह्यात दर हजार जन्मांमागे एकापेक्षा कमी रुग्ण. जंतू मात्र मातीत आहेतच आणि राहणार. त्रास म्हणाल तर दंड दुखतो, कधी कणकण येते.

टीडॅपमध्ये टीडीच्या दोन घटकांबरोबर डांग्या खोकल्याचा तिसरा घटक असतो. बाजारात बूस्ट्रिक्स आणि अ‍ॅडासेल या नावांनी मिळते. किंमत चार आकडी, खोक्यावरच्या एमआरपीशी बिल ताडून बघा. टोचण्याचे पैसे वेगळे लावले तर ते वेगळ्या ओळीत लिहून मागा.

ही लस आईसाठी कमी, बाळासाठी जास्त. बाळाला डांग्या खोकल्याची पहिली लस पेंटाव्हॅलंट या एकत्रित लसीतून सहाव्या आठवड्यात मिळते, पुढचे डोस दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात. जन्मापासून तिथपर्यंत बाळाला संरक्षण नसतं. आणि नेमक्या याच वयात हा आजार सगळ्यात वाईट वागतो: खोकल्याची उबळ येण्याऐवजी बाळाचा श्वासच मध्येमध्ये थांबतो आणि ते निळं पडतं. आईने सातव्या-आठव्या महिन्यात लस घेतली तर तिची प्रतिपिंडं (अँटीबॉडी) वारेतून बाळाकडे जातात आणि ही मधली फट बुजते. इंग्लंडमध्ये 2012 साली साथ आली, 14 तान्ही बाळं गेली, आणि त्याच ऑक्टोबरपासून तिथे गरोदर बायकांना ही लस सुरू झाली. तीन महिन्यांखालच्या बाळांमध्ये लसीचा परिणाम नव्वद टक्क्यांच्या आसपास निघाला.

आता दुसरं पारडं. अमेरिकेत 2014 साली प्रसिद्ध झालेल्या, 1,23,000 हून जास्त बाळंतपणांच्या अभ्यासात टीडॅप घेतलेल्या बायकांमध्ये गर्भपिशवीच्या आवरणाला संसर्ग झाल्याची नोंद 6.1 टक्के होती, न घेतलेल्यांमध्ये 5.5 टक्के. फरक छोटा, पण आहे, आणि तो लपवून ठेवू नये. मात्र या संसर्गाचा खरा धोका असतो तो बाळ अपुऱ्या दिवसांचं जन्मण्याचा, आणि त्याच अभ्यासात अपुऱ्या दिवसांची किंवा कमी वाढीची बाळं वाढलेली दिसली नाहीत. दुसरी गोष्ट: आईची प्रतिपिंडं बाळात असताना बाळाच्या स्वतःच्या पहिल्या डोसांना शरीराचा प्रतिसाद थोडा मंद मिळतो. म्हणून "मी घेतली आहे, बाळाचं थोडं पुढे ढकललं तरी चालेल" हा हिशेब उलटा आहे. सहाव्या आठवड्याची तारीख चुकवायची नाही. आणि लसीने झटकन येणारी जीवघेणी अ‍ॅलर्जी? सगळ्या लसी मिळून दहा लाख डोसांमागे साधारण एक. त्यासाठीच तो अर्धा तास बसायचं, आणि अशा अ‍ॅलर्जीवर तातडीने द्यायचं अ‍ॅड्रिनॅलिन जिथे हाताशी आहे अशाच ठिकाणी सुई घ्यायची. घरी येऊन टोचणाऱ्याच्या पिशवीत ते आहे का, हे आधी विचारा.

पारडं आमच्या मते लस घेण्याकडे स्पष्ट झुकतं. आईला पूर्वीच्या डोसानंतर जबर अ‍ॅलर्जी झाली असेल, किंवा डांग्या खोकल्याची लस घेतल्यावर सात दिवसांत मेंदूचा गंभीर विकार झाला असेल, तर घेऊ नये. धनुर्वाताच्या लसीनंतर सहा आठवड्यांत गिया-बारे (हातपाय लुळे पडणारा मज्जातंतूंचा आजार) झालं असेल तर आधी डॉक्टरांशी नीट बोलावं. साधी सर्दी हे लस टाळायचं कारण नाही, चढता ताप मात्र उतरू द्यावा.

वेळ 27 ते 36 आठवडे. लक्षात ठेवायला सोपं: डोहाळजेवणाची तयारी सुरू झाली की टीडॅपची वेळ आली. प्रतिपिंडं तयार व्हायला सुमारे दोन आठवडे लागतात, म्हणून 28 ते 32 मध्येच उरका. 36व्या आठवड्याची वाट बघत बसलात आणि बाळ 37व्यातच आलं, तर पैसे गेले आणि बाळाच्या हाती फार काही लागलं नाही. रक्तगट निगेटिव्ह असेल तर 28व्या आठवड्याला अँटी-डी हे इंजेक्शन देतात. ती लस नाही, आणि त्याच दिवशी दुसऱ्या दंडात टीडॅप घेता येते, म्हणजे एक खेप वाचते. प्रत्येक गरोदरपणात नव्याने घ्यायची, मागच्या वेळची चालत नाही.

दुसऱ्या टीडीच्या जागी टीडॅप चालते, स्त्रीरोगतज्ज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेचीही तशीच शिफारस आहे. पण टीडॅप घ्यायचं नक्की नसेल, किंवा पैशाची जुळवाजुळव बाकी असेल, तर दुसरी टीडी अडवून ठेवू नका. वेळेवर घेऊन टाका. पुढे जमलं तर टीडॅप तरीही घेता येते, फार तर दंड जरा जास्त सुजेल.

खासगी क्लिनिक आणि केमिस्टची पिशवी

खासगी क्लिनिकला टीडॅप आणि फ्लूसाठी साडेतीन. जमेची बाजू म्हणजे लस मिळते आणि प्रश्न विचारायला पाच मिनिटं मिळतात. वजाबाकी थंडाव्याची. सरकारी केंद्रात लसीचा फ्रिज वेगळा असतो आणि तापमान दिवसातून दोनदा लिहायचं असतं. क्लिनिकमध्ये साधा घरगुती फ्रिज असू शकतो. न लाजता विचारा: आत थर्मामीटर आहे का? लस मधल्या कप्प्यात आहे की दारात? दारात असेल तर दार उघडेल तसं तापमान हलतं. त्याच फ्रिजमध्ये डबा आणि ताकाची बाटली दिसली, तर दिवसातून कितीदा दार उघडतं हे सांगायला नको.

"केमिस्टकडून आणा" या वाटेला दोनच मार्क. लस 2 ते 8 अंशांत राहायला हवी. मे महिन्यात दादरहून कांदिवलीला लोकलने नेताना ती तापेल अशी सगळ्यांना भीती असते. खरी नासाडी बऱ्याचदा उलट्या बाजूने होते. केमिस्ट काळजीपोटी फ्रीझरमधला दगडासारखा बर्फाचा पॅक खोक्याला चिकटवून पिशवीत देतो आणि लस गोठते. टीडी आणि टीडॅपमध्ये अ‍ॅल्युमिनियमचा क्षार असतो आणि लसीचे घटक त्याला धरून असतात. गोठली की त्याच्या गुठळ्या होतात आणि लस पुन्हा पूर्ववत होत नाही. दुपारी घरच्या फ्रिजमध्ये बर्फाच्या ट्रेखाली सरकवलेल्या खोक्याचीही तीच गत. गोठलेली लस घेऊन विषबाधा होत नाही, पण संरक्षण मिळत नाही आणि दंड मात्र दुखतो. बाहेरून काही कळतही नाही, कारण खासगी सिरिंजवर तो गोल-चौकोन सहसा नसतो. गोठल्याची शंका आली तर ती लस वापरू नये, कितीही जीव तुटला तरी.

दुसरा इलाजच नसेल तर असं करा: बर्फाचा पॅक बाहेर काढून ठेवा, हलवल्यावर आत पाणी खळखळलं की मगच वापरा. खोकं वर्तमानपत्रात गुंडाळा, पॅक आणि खोकं यात कागदाचा जाड थर राहू द्या, छोट्या थर्मासच्या डब्यात ठेवा आणि दुकानातून थेट क्लिनिकला जा. आधी फोन करून डॉक्टर आहेत याची खात्री करा. "ठेवून जा, संध्याकाळी या" असं म्हणाले तर खोकं आपल्या डोळ्यांसमोर फ्रिजच्या मधल्या कप्प्यात जाऊ द्या.

नोंद कुठे निसटते

मुंबईत पहिलटकरीण सातव्या महिन्यात माहेरी जाते. टीडॅपची वेळही तीच. इथे खासगीत टीडॅप घेतली, नोंद क्लिनिकच्या फाइलमध्ये राहिली, आणि बाई पोचली चिपळूण नाहीतर साताऱ्याला. तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रातली सिस्टर माता-बाल कार्ड उघडते, दुसऱ्या टीडीची जागा रिकामी दिसते आणि तिचं काम चोख करते. तिची चूक नाही. धनुर्वाताचे डोस असे थोड्या दिवसांत जास्त झाले की क्वचित दंडाला काही तासांत मोठी, गरम सूज येते. दोन-चार दिवसांत उतरते, बाळाला काही होत नाही, पण घरात घबराट होते आणि खापर लसीवर फुटतं.

म्हणून टीडॅप घेतली की तिथेच डॉक्टरांकडून पालिकेच्याच कार्डावर लिहून घ्या: लसीचं नाव, बॅच नंबर, तारीख, कोणता दंड, सही-शिक्का. सिरिंजच्या खोक्यावर सुटणारं लेबल असेल तर तेच चिकटवा. नुसतं "इंजेक्शन दिले" असं लिहिलेलं चालवून घेऊ नका. पुढच्या तपासणीला आरोग्य केंद्रात कार्ड दाखवा आणि यू-विन या सरकारी ऑनलाइन लसनोंदणीतली नोंद बघायला सांगा. कार्डाच्या प्रत्येक पानाचा फोटो नवऱ्याच्या आणि आईच्या मोबाइलवर असू द्या.

फ्लू

मुंबईत फ्लू पावसाबरोबर चढतो. टोचायची फ्लूची लस मृत विषाणूची असते आणि गरोदरपणाच्या कुठल्याही महिन्यात चालते. नाकात फवारायची जिवंत लस मात्र चालत नाही. पावसाळा गरोदरपणात येणार असेल तर मेअखेर घेतलेली बरी. विषाणूचं वाण बदलत असतं. जागतिक आरोग्य संघटना दर फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी आणि सप्टेंबरमध्ये दक्षिण गोलार्धासाठी वाणं सुचवते. खोक्यावर कुठल्या हंगामाची आहे ते छापलेलं असतं. जी सर्वांत ताजी ती मागा, मागच्या हंगामाचा उरलेला माल सवलतीतही नको.

का घ्यायची? 2009 च्या साथीत अमेरिकेत गरोदर बायका लोकसंख्येच्या सुमारे एक टक्का होत्या, मृत्यूंमध्ये मात्र सुमारे पाच टक्के. लस घेतल्याने फ्लूमुळे रुग्णालयात भरती व्हायची वेळ सरासरी चाळीस टक्क्यांनी कमी होते, म्हणजे ती काही चिलखत नाही, हेही खरं. या लसीने गर्भपात होतो का, ही शंका 2017 च्या एका अभ्यासाने उभी केली होती. त्याच गटाने पुढचे हंगाम तपासून 2019 मध्ये मांडलेल्या अभ्यासात तो संबंध आढळला नाही. तरीही पहिल्या तीन महिन्यांत मनाची तयारी होत नसेल आणि पाऊस लांब असेल, तर चौथ्या महिन्यात घ्या. ऐन जुलैत मात्र थांबू नका.

नाही म्हणायच्या, आणि कधीच नाही न म्हणायच्या

गोवर-रुबेला आणि कांजिण्यांच्या लसी जिवंत विषाणूंच्या, त्या गरोदरपणात देत नाहीत. 2022 मध्ये गोवंडीत गोवराची साथ आली होती. अशा वस्तीत राहणाऱ्या आणि मूल हवं असलेल्या बाईने ही लस दिवस राहण्याच्या किमान एक महिना आधी उरकावी. चुकून लस घेतली आणि मग कळलं की दिवस गेलेत, तर गर्भपात करायचं ते कारण नाही. असं कुणी सुचवलं तर दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्या. गोवराच्या रुग्णाशी गरोदर बाईचा संपर्क आला तर सहा दिवसांच्या आत इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडं) देता येतं, त्यामुळे सोमवारपर्यंत वाट बघू नका.

कुत्रा चावला तर तोलायचं काहीच नाही. रेबीज झाला तर माणूस वाचत नाही आणि लस गरोदरपणात चालते. जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा, लगेच पालिकेच्या रुग्णालयात जा. तिथे लस फुकट असते. दंडात स्नायूत देत असतील तर 0, 3, 7, 14 आणि 28 व्या दिवशी. कातडीत देत असतील तर दोन्ही दंडांत 0.1 मिली, 0, 3, 7 आणि 28 व्या दिवशी. रक्त आलं असेल तर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही हवं. "गरोदर आहात, नंतर बघू" म्हणणाऱ्याच्या दारातून थेट दुसऱ्या दारात जा.

कावीळ ब ची तपासणी पहिल्याच रक्ततपासणीत होते. आई पॉझिटिव्ह असेल तर बाळाला जन्मल्यावर बारा तासांच्या आत लस आणि इम्युनोग्लोब्युलिन दोन्ही लागतात. लस प्रसूतिगृहात असते, इम्युनोग्लोब्युलिन असेलच असं नाही. कुठे मिळेल हे आठव्या महिन्यातच विचारून कार्डावर लिहून ठेवा, कारण रात्री दोन वाजता बाळंत झाल्यावर नवरा तेच शोधत फिरणार आहे.